घोडा लीड बदलताना अडतो कुठे?

मैदानात इंग्रजी आठाचा आकडा काढायचा. एक गोल उजवा, एक डावा, मधल्या फुलीवर दिशा बदलायची. ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, हे बहुतेक घोडे सहज करतात. कँटरमध्ये, म्हणजे त्याहून वेगवान, झेपावत्या चालीत, मात्र फुलीवर गोंधळ उडतो, कारण तिथे दिशेबरोबर लीडही, म्हणजे सगळ्यात पुढे झेपावणाऱ्या पायाची बाजूही, बदलावी लागते. घोडा मान वर काढतो, वेग वाढवतो, पुढचे पाय बदलतो आणि मागचे जुन्याच क्रमाने टाकत राहतो. वर बसलेल्याला चाक निखळलेल्या बैलगाडीत बसल्यासारखं वाटतं. मग टाच जोरात लागते, चाबूक निघतो, आणि पुढच्या वेळी फुली दिसली की घोडा आधीच ताठरतो.

असा घोडा हट्टी असतो असं समजण्याआधी त्याच्या खाली चार पायांचं काय चाललंय ते पाहायला हवं. एकदा तो क्रम डोक्यात बसला की उपाय बराचसा आपोआप सुचतो.

कँटर तीन टापांची चाल आहे. उजव्या लीडवर आधी डावा मागचा पाय एकटा टेकतो. मग उजवा मागचा आणि डावा पुढचा जोडीने टेकतात. शेवटी उजवा पुढचा पाय सगळ्यात पुढे पडतो. त्यानंतर चारही पाय जमिनीपासून सुटलेले असतात, एक क्षणभर, आणि पुन्हा डाव्या मागच्यापासून सुरुवात. डाव्या लीडवर हेच आरशातल्यासारखं उलटं. म्हणजे पुढे झेपावणारा जो पाय आपल्याला खोगिरातून दिसतो, तो क्रमात शेवटचा असतो. क्रम ठरतो मागे, विरुद्ध बाजूच्या पायाने. उजवी लीड हवी असेल तर डाव्या मागच्या पायाने पहिला भार घ्यायला हवा. हे वाक्य पागेच्या भिंतीवर लिहून ठेवावं इतकं महत्त्वाचं आहे, कारण लीड बदलण्याच्या बहुतेक तक्रारी पुढच्या पायाकडे बघत बसल्याने सुटत नाहीत.

फ्लाइंग चेंज म्हणजे ट्रॉट किंवा चाल (इथून पुढे 'चाल' म्हणजे संथ पावलांची साधी चाल, वॉक) मध्ये न आणता, त्या हवेतल्या क्षणात हा क्रम उलटवणं. सरावाच्या मैदानातल्या कँटरमध्ये घोडा मिनिटाला साधारण १०० ढांगा टाकतो. म्हणजे एका ढांगेला सहा दशांश सेकंद, आणि त्यातला हवेतला भाग फारच थोडा. एवढ्यात घोड्याने मागचे दोन्ही पाय अदलाबदल करून, नव्या क्रमाने टेकवायचे आहेत. त्याला त्यासाठी दोन गोष्टी लागतात: पाय हवेत असताना थोडी उसंत, आणि इशारा वेळेवर. चपट्या, पुढे लोळणाऱ्या कँटरमध्ये उसंत नसते. आणि इशारा उशिरा आला तर मागचे पाय जुना क्रम पकडून खाली येऊ लागलेले असतात. पुढचे अजून मोकळे असतात, म्हणून ते बदलतात. मागून उशीर, पुढून बदल, ही जी सर्रास दिसणारी चूक आहे तिचा उगम बऱ्याचदा इतका साधा असतो.

आधी दुखणं आहे का ते बघा

शिकवण्याआधी तपासणी. घोड्याला खोगिराशिवाय, लांब दोरीवर दोन्ही दिशांनी कँटर करवा आणि बाजूला उभं राहून फक्त मागचे पाय पाहा. स्वार नसतानाही तो एका बाजूला वारंवार क्रॉस कँटर करत असेल, म्हणजे पुढे एक लीड आणि मागे दुसरी, किंवा सशासारखे दोन्ही मागचे पाय एकत्र उचलत असेल, तर आधी पशुवैद्य. मोकळ्या पटांगणात खेळताना तो लीड स्वच्छ बदलतो आणि स्वार बसल्यावर बदलत नाही, तर संशय खोगीर, पाठ किंवा स्वाराकडे वळतो. घोड्याची मोकळी धाव मोबाइलवर संथ गतीत चित्रित करून ठेवा. डोळ्याला जे सुटतं ते तिथे स्पष्ट दिसतं.

मागचा गुडघा, हॉक (मागच्या पायाचा घोट्यासारखा सांधा), कंबर आणि पाठीचे मणके यांतलं दुखणं लीड बदलताना पहिल्यांदा बाहेर पडतं. सरळ ट्रॉटमध्ये घोडा ते लपवू शकतो, कारण तिथे दोन्ही बाजूंवर भार सारखा वाटला जातो. कँटरच्या पहिल्या टापेला मात्र एक मागचा पाय सगळं शरीर एकटा पेलतो. तरुण, अशक्त घोड्यांमध्ये मागच्या गुडघ्याची वाटी क्षणभर अडकण्याचा प्रकार असतो. त्यात घोडा चढाला आणि बदलाला कुरकुर करतो, आणि स्नायू भरले की बऱ्याचदा सुधारतो. पण ते निदान पशुवैद्याचं, तुमचं नव्हे.

खोगिराची चाचणी घरच्या घरी होते. अर्धा तास काम झाल्यावर खोगीर उतरवून घामाचे डाग पाहा. पाठीच्या दोन्ही बाजूंना सारखे ओले पट्टे हवेत. ओल्या पट्ट्याच्या मधोमध एखादा कोरडा ठिपका दिसला तर तिथे दाब जास्त आहे. खांद्यांमधल्या उंचवट्यावर, स्वार बसलेला असताना, खोगिराखाली दोन ते तीन बोटं जागा राहिली पाहिजे. नालबंदाची फेरी ५ ते ६ आठवड्यांनी व्हायला हवी. लांबलेला अंगठा, म्हणजे खुराचा पुढचा भाग, घोड्याला पाय उशिरा सोडायला लावतो आणि बदलाची वेळ चुकवतो. मार्टिंगेल, म्हणजे मान फार वर जाऊ नये म्हणून लावलेला पट्टा, घट्ट असेल तर ते सैल करा. बदलताना घोड्याला मान थोडी वर उचलावीच लागते. तेवढी मुभा काढून घेतली तर तो पाठ खाली पाडून बदलतो.

कँटर तयार आहे का

आता सगळ्यात कंटाळवाणा, पण निर्णायक भाग. फ्लाइंग चेंज मागण्याआधी घोड्याला चार गोष्टी दोन्ही बाजूंनी जमायला हव्यात, आणि जमायला म्हणजे दहापैकी नऊ वेळा, कधीतरी नव्हे.

चालीतून थेट कँटर, मागितलेल्या लीडवर, सरळ रेषेत. इशाऱ्यानंतर घोडा दोन-तीन ट्रॉटची पावलं टाकत असेल तर पायाचा इशारा त्याला अजून नीट कळलेला नाही. कँटरमधून थेट चाल, दात ओठ न खाता. लीड आणि वळण उलट ठेवून कँटर, ज्याला काउंटर-कँटर म्हणतात. आणि एका लांब बाजूवर पाच ढांगा आखूड, पाच ढांगा लांब, असा कँटर मागेपुढे करणं.

काउंटर-कँटर शिकवताना लोक घाई करतात. २० मीटरच्या गोलावर घोडा डाव्या लीडवर उजवीकडे फिरायला लागेपर्यंत सरळ लांब बाजूपासून हळूहळू वळण वाढवत न्या: आधी भिंतीपासून ३ मीटर आत येऊन परत, मग ५ मीटर, मग कोपरा, मग अर्धा गोल. २० मीटर गोलाचा परीघ ६३ मीटरच्या आसपास असतो, म्हणजे साडेतीन मीटरच्या ढांगेने सुमारे १८ ढांगा. त्या अठराही ढांगा घोडा त्याच तालात, मान बाहेरच्या बाजूला न फेकता काढू लागला, तर त्याच्यात तोल आहे. याचा दुसरा फायदा म्हणजे घोड्याला कळतं की दिशा बदलणं हा बदलाचा इशारा नाही. हे न शिकलेला घोडा कोपऱ्यात स्वतःहून लीड बदलतो, आणि मग त्याला थांबवता थांबवता स्वारच गोंधळतो.

या सगळ्यांचा कस लावणारा व्यायाम म्हणजे सिंपल चेंज: कँटर, तीन ते पाच चालीची पावलं, दुसऱ्या लीडवर कँटर. ड्रेसाजच्या, म्हणजे ठरलेल्या हालचाली अचूक करून दाखवण्याच्या घोडेस्वारीच्या, परीक्षेतही पावलांची संख्या एवढीच अपेक्षित असते. भिंतीलगत करा, म्हणजे एकदा खरी लीड, एकदा उलटी लीड. पाच पावलांवरून तीनवर या. जिथे पावलं डळमळतात, घोडा चालीत शिरताना पुढच्या पायांवर कोसळतो, तिथेच तुमचा फ्लाइंग चेंजही फसणार आहे. ही बाजू महिनाभर चिकाटीने घोटली, तर पुढची निम्मी कामं वाचतात.

इशारा: कुठे, कधी, किती

डाव्या लीडवरून उजव्या लीडवर जायचं आहे असं धरू. नवी बाहेरची बाजू डावी. दोन ढांगा आधी हाफ-हॉल्ट, म्हणजे पाठ ताठ ठेवून, डाव्या लगामावर बोटं आवळून पुन्हा सैल करणं. कँटर त्याने किंचित आखडतो आणि उंचावतो. मग घोड्याच्या तोंडाची दिशा उजवीकडे, फक्त त्याच्या उजव्या डोळ्याच्या पापण्या दिसतील इतकी. मान वाकवायची नाही. शेवटी, एकाच क्षणात, तुमचा डावा पाय तंगाच्या (खोगिराच्या पोटाखालच्या पट्ट्याच्या) मागे चार बोटं सरकतो आणि स्पर्श करतो. उजवा पाय तंगाजवळ येतो, उजवा कुल्ला पुढे सरकतो, उजवा लगाम हलका होतो.

तो क्षण कोणता? खोगिरातून पुढच्या झेपावणाऱ्या खांद्याकडे पाहा. डाव्या लीडवर डावा खांदा प्रत्येक ढांगेत पुढे येतो. तो पूर्ण पुढे गेला आणि पाय टेकतोय, त्या वेळी इशारा द्यायचा. मनात 'एक, दोन, तीन' मोजत असाल तर 'तीन'वर. 'तीन'नंतर हवेतला क्षण येतो आणि तोपर्यंत मागच्या पायांना निरोप पोचलेला असतो. हळू प्रतिसाद देणाऱ्या घोड्याला तो 'दोन'वरच द्यावा लागतो, आणि चटकन उचलणाऱ्या घोड्याला 'तीन'च्या शेवटी. सुरुवातीला बदल न मागता, फक्त 'आता, आता, आता' असं तोंडाने म्हणत एक गोल काढा आणि जमिनीवर उभ्या माणसाला तुमचं 'आता' बरोबर पडतंय का ते सांगायला लावा. पाच मिनिटांत स्वाराच्या मांडीखालचा ताल जागेवर येतो.

अंग झोकणं ही स्वारांची आवडती चूक. उजवीकडे बदल हवा म्हणून उजव्या रिकिबीत कोसळायचं, मान उजवीकडे खाली, डावी टाच मागे पार कंबरेपर्यंत. घोड्याच्या नजरेतून पाहा: पाठीवरचं वजन अचानक उजव्या खांद्यावर आलं, तो पडू नये म्हणून उजवा पुढचा पाय पुढे टाकतो. पुढे लीड बदलली, मागे कारणच नव्हतं. स्वाराला वाटतं बदल झाला, आणि पुढच्या दहा ढांगा खोगिरात वरखाली हादरे बसतात. मांड मधोमध ठेवा, छाती सरळ, इशारा पायाने द्या.

मागून उशीर, पुढून उशीर, आणि बाकीचे

मागून उशीर होत असेल तर आधी सांगितलेले दोन संशयित, कँटरची उसंत आणि इशाऱ्याची वेळ, तपासून झाल्यावर बाजू पाहा. बदल उजवीकडे जाताना उशिरा होतो, डावीकडे स्वच्छ? मग डावा मागचा पाय एकटा भार घ्यायला कचरतोय किंवा उजवा मागचा पुरेसा पुढे येत नाही. अशा घोड्याला चढावर चाल आणि ट्रॉट, उजव्या लीडवर चालीतून कँटरच्या दहा-बारा सुरुवाती, आणि डाव्या पायापासून बाजूला सरकण्याचे व्यायाम द्या. फ्लाइंग चेंजचा सराव वाढवून ती बाजू मजबूत होत नाही.

मग व्यायाम निवडा. मागून उशीर करणाऱ्याला काउंटर-कँटरमधून खऱ्या लीडवर येणं सोपं जातं. डाव्या लीडवर, उजव्या हाताला वळण ठेवून २० मीटरच्या गोलावर, भिंतीला स्पर्श करण्याच्या जागेकडे जाताना बदल मागा. उलट्या लीडवर असल्यामुळे घोड्याला स्वतःलाच बदलायची इच्छा असते, आणि भिंत त्याला बाजूला भरकटू देत नाही. दुसरा चांगला मार्ग म्हणजे लांब बाजूच्या शेवटी १० मीटरचा अर्धा गोल काढून तिरपं परत भिंतीकडे यायचं आणि भिंतीला पोचण्याच्या दोन ढांगा आधी इशारा द्यायचा. भिंत जवळ आल्याने घोडा आपोआप मागच्या पायांवर भार घेतो.

जमिनीवरचा दांडा ही जुनी, उपयोगी आणि धोक्याची युक्ती आहे. आठाच्या आकड्याच्या फुलीवर ३ मीटर लांबीचा दांडा ठेवा, जमिनीपासून १० ते १५ सेंटिमीटर उचललेला चालेल. घोडा तो ओलांडताना जास्त उंच उठतो, हवेतला क्षण लांबतो, आणि उतरताना नव्या दिशेची लीड घेणं त्याला सोपं जातं. स्वाराने हात पुढे सोडावेत, खोगिरातून हलकं व्हावं, नव्या दिशेकडे बघावं. पण ५-६ वेळांत जमलं नाही तर दांडा उचला. अनेक घोडे त्यातून बदल नव्हे, उडी शिकतात, आणि दांडा काढल्यावर पुढचा पाय भिरकावतात.

पुढून उशीर दुर्मीळ. मागचे पाय बदलतात आणि पुढचे एक ढांग तसेच राहतात. याचा दोष बहुतेक हाताचा असतो: लगाम इतका आवळलेला की खांद्यांना जागाच नाही. नव्या आतल्या हाताने लगाम सोडा, कँटर थोडा मोठा करा, तेवढ्यानेच बरेच घोडे सुधारतात.

इशारा मिळाल्यावर लाथ मारणारा, शेपूट फिरवणारा घोडा दोनपैकी एक गोष्ट सांगत असतो: एकतर पाय फार जोरात लागला, स्पर (टाचेवरची धातूची आर) अडकला, किंवा पाठ दुखते. पाय हळू करून दोन दिवस पाहा. फरक नसेल तर पुन्हा पशुवैद्य. मागचा भाग बाजूला फेकणाऱ्या घोड्यासाठी बदल भिंतीला चिकटून मागा आणि तुमची टाच फार मागे जात नाही ना ते तपासा.

आणि मनातलं ओळखून आधीच बदलणारा घोडा? त्याच्याशी तिरप्या रेषेवर भांडू नका. चार वेळा ती रेषा काढा, तीन वेळा लीड तशीच ठेवून कोपरा काउंटर-कँटरमध्ये घ्या, फक्त एकदाच बदल मागा, तोही दर वेळी वेगळ्या जागी.

रेसचा घोडा

महाराष्ट्रातल्या क्लबांमध्ये रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे रेससाठी पैदास केलेल्या जातीचे घोडे, बरेच आढळतात, म्हणून त्यांच्याबद्दल वेगळं सांगावं लागतं. मुंबईच्या महालक्ष्मीला आणि पुण्यातही धावपट्टी उजव्या हाताची आहे. वळणावर घोडा उजव्या लीडवर असतो आणि सरळ रस्त्यावर आला की जॉकी डावी लीड घेववतो, म्हणजे दमलेल्या पायाला आराम मिळतो. असा घोडा लीड बदलायला शिकलेला असतोच. पण त्याच्या डोक्यात बदलाचा अर्थ 'आता शेवटचा पट्टा, जीव खाऊन पळ' असा आहे. तुम्ही फुलीवर बदल मागितला की तो बदलतो आणि सुसाट निघतो, हे चुकणं नव्हे, त्याने शिकलेला धडा आहे.

त्याला पुन्हा शिकवताना बदलानंतरचे काही सेकंद बदला. बदल झाला की लगेच १५ मीटरचा गोल, एक ढांग मोठी न करता, मग चाल, मग लगाम सैल. प्रत्येक वेळी. काही आठवड्यांत बदलानंतर विश्रांती येते ही जोडणी पक्की होते. सरळ मोकळ्या रेषेत त्याच्याकडून बदल मागू नका, वळणात मागा. वळणावर वेग वाढवायला जागाच नसते. आणि उजव्या गोलावर अनेक महिने पळाल्याने त्याची उजवी बाजू चांगली तयार असण्याची शक्यता असते, त्यामुळे डावीकडच्या कँटरकडे जास्त लक्ष द्या.

किती आणि कधी

आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे. १० मिनिटं चाल, मग ट्रॉट आणि सिंपल चेंज, मग घोडा गरम असताना पण दमलेला नसताना बदल. एका दिवसात चार-पाच चांगले बदल झाले की थांबा. चांगला बदल म्हणजे मागचे-पुढचे एकाच ढांगेत, तोच ताल, त्याच रेषेत. पहिल्या दिवशी एकच स्वच्छ बदल झाला तरी तिथेच उतरून घोड्याला पागेत न्यावं. तीन चुकीचे बदल सलग झाले तर मात्र परत सिंपल चेंजवर यायचं, बाकी वेळ तिथेच. चुकीच्या बदलाला मार मिळाला की घोडा पुढच्या वेळी त्या ठिकाणी घाबरून पळतो, आणि मग शिकवायच्या दोन गोष्टी होतात.

जून ते सप्टेंबर उघड्या मैदानावर फ्लाइंग चेंज शक्यतो टाळा. चिखलात मागचा पाय घसरला तर घोडा दुखवून घेईल आणि बदलाची भीतीही बसेल. त्या दिवसांत छपराखालची वाळू मिळत असेल तर ठीक, नाहीतर चढ-उताराची चाल आणि चालीतून कँटर यावर भर द्या.

एकटा बदल दोन्ही बाजूंनी आठवड्यांमागून आठवडे स्वच्छ येऊ लागला की क्रमाने येणाऱ्या बदलांचा विचार. ड्रेसाजमध्ये प्री सें जॉर्ज या वरच्या पातळीच्या परीक्षेत दर चौथ्या ढांगेला ५ आणि दर तिसऱ्या ढांगेला ५ बदल मागतात. ग्रां प्री या त्याहून वरच्या परीक्षेत दर दुसऱ्या ढांगेला ९ आणि प्रत्येक ढांगेला १५. २०२३च्या सप्टेंबरमध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज संघाने सुवर्ण जिंकलं, मुंबईचा हृदय छेडा त्या संघात होता, आणि संघपदक ठरवणाऱ्या परीक्षेत हेच चार आणि तीन ढांगांचे बदल होते. घरी शिकवताना चौथ्या ढांगेवर आधी दोनच बदल ठेवा, मध्ये मोकळी चार ढांगांची सरळ रेषा घ्या, आणि तिसरा बदल वाकडा आला तर पुढचा मागू नका, एकटा बदल पुन्हा सरळ करून घ्या.